पाण्याच्या दिवशी पाटी

लिलाबाई बैसाणे धुळ्यातल्या एका खासगी प्रसूतिगृहात एकवीस वर्षं आया होत्या. सकाळी सातला हजर, दुपारी दोनला सुटी. कपडे, गरम पाणी, बाळंतिणींचा शेक ही कामं होतीच. पण त्यांचं जीव लावून करायचं काम एकच होतं, वॉर्डाबाहेरचा फळा. खाट नंबर, बाळंतिणीचं नाव, मुलगा की मुलगी, वजन, आई कशी. आठ वाजता नातेवाइकांना आत सोडत, त्याच्या आत हा फळा भरलेला असे. लिलाबाई सातवी पास. अक्षर गोल आणि टपोरं, दादर ज्वारीच्या दाण्यासारखं. एकवीस वर्षांत तो फळा आठ वाजता कधी कोरा दिसला नाही.

घरी मात्र फळा नव्हता. होता तो नळ.

त्यांच्या वस्तीतल्या चार तोट्यांच्या नळाला दोन दिवसांआड, दुपारी चार वाजता, तासभर पाणी येई. तीन वाजल्यापासून हंडे, कळश्या, पत्र्याचे डबे रांगेत लागत. नळामागेच गिरधरनानांच्या सरकी-पेंडीच्या गोदामाची लांब, पावसाने मळकटलेली पांढरी भिंत होती. रांगेत उभं राहिलं की सगळ्या बायका लिलाबाईंना तेच विचारत : अमकीची सुटका झाली का? काय झालं? वजन किती? एकच उत्तर वीसदा देऊन तोंड दुखायचं. अठ्ठ्याऐंशी सालच्या जुलैतल्या एका दुपारी लिलाबाईंनी वैतागून पिशवीतला खडूचा तुकडा काढला आणि भिंतीवर लिहिलं : "कलाबाईची सून. मुलगा. अडीच किलो. दोघंही बरी. आता मला विचारू नका, हंडा पुढे सरकवा."

रांग हसली. कलाबाई तर भिंतीसमोरून हलेचना. "लिलाक्का, माझं नाव भिंतीवर! पुसू नको बरं, आमच्या यांना दाखवायचं आहे."

त्या दिवशी लिलाबाईंच्या अंगात काहीतरी संचारलं. दुसऱ्या दिवशी पाणी नसताना त्या भिंतीपाशी गेल्या आणि जुलाबाच्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं ते लिहून आल्या. तिसऱ्या दिवशी लहानपणी नेरहून बैलगाडीने धुळ्याला आल्याची गोष्ट. चौथ्या दिवशी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची. रोज दहा-बारा ओळी. खाली दोन बोटं जागा मोकळी आणि खडूचा एक तुकडा खिळ्याला टांगलेल्या डबीत. ज्याला उत्तर द्यायचं त्याने द्यावं. कळण्याच्या भाकरीखाली कुणीतरी लिहिलं, "सोबत ठेचा लिहायचा राहिला." लिलाबाईंना हसू आवरेना. घरी येऊन त्यांनी ते नवऱ्याला तीनदा सांगितलं.

नवरा आधार बैसाणे, गवंडी. बोलणं अस्सल अहिराणी आणि मोजकं. जेवताना, नेहमीसारखी लेकीच्या नावाने हाक मारत म्हणाला, "सुजातानी माय, एक सांगू का? बठ्ठं आजच सांगी टाकशी, ते सकाय काय लिखशी?"

उद्याचं उद्या, म्हणत लिलाबाईंनी ते हसण्यावारी नेलं. आणि अकराव्या दिवशी सांगायचं सगळं संपलं. खडू हातात धरून त्या भिंतीसमोर पाव तास उभ्या राहिल्या, शेवटी "आज काही नाही" असं लिहून परत आल्या. मग दोन आठवडे काहीच नाही. पुढे एका आठवड्यात तीन पाट्या, मग पुन्हा चिडीचूप. ज्या दिवशी लिहीत त्या दिवशी वाचणारं कुणी नसे, आणि रांग भरलेली असे तेव्हा भिंतीवर जुनंच काहीतरी अर्धवट पुसलेलं असे. कलाबाई टोमणा मारायची, "लिलाक्काची पाटी म्हणजे आमचे दीर. येतील तेव्हा येतील, जेवायला ठेवायचं का नाही कळत नाही."

अशात गफूर पेंटर आला.

गफूर धुळ्यातला नावाजलेला माणूस. अर्ध्या गावाच्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. सायकलच्या दांडीला शिडी बांधलेली, हँडलला रंगाचे डबे. एका दंतमंजनाच्या कंपनीने त्याला शहरातल्या वीस मोठ्या भिंती रंगवायला दिल्या होत्या, त्यांत गिरधरनानांची भिंत पसंत पडली होती. नानांचीही ना नव्हती. कंपनी वर्षाचं भाडं देणार आणि वरून भिंतीला फुकटचा रंग.

लिलाबाई रांगेत होत्या. त्यांनी शिडी पाहिली आणि हंडा तिथेच टाकून पुढे आल्या.

"नाना, ही भिंत माझी आहे."

"तुमची?" नाना चष्म्यावरून बघत म्हणाले. नाना सरळ माणूस, पण व्यापारी. "लिलाबाई, तुम्ही छान लिहिता. मी पण वाचतो. पण तुमचं लिहिणं म्हणजे लहर. हा माणूस वर्षभर दिसेल असं काम करणार. लहरीसाठी मी भिंत अडवून ठेवू का?"

लिलाबाईंच्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. वॉर्डातला फळा चुकत नव्हता, कारण त्याला आठची वेळ होती. या भिंतीला वेळच नव्हती! एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात कशी आली नाही? नळाने तोंडातून हवा सोडली, सूं करून पाणी आलं, रांग हलली, आणि लिलाबाईंना एकदम दिसलं.

"नाना, ज्या दिवशी नळाला पाणी, त्या दिवशी पाटी," त्या जवळजवळ ओरडल्याच. "रोज नाही. वाटेल तेव्हा नाही. पाण्याच्या दिवशी, पाणी यायच्या आत नाही तर पाणी जायच्या आत, नवी पाटी. गुढीपाडव्यापर्यंत एक जरी खाडा पडला तर भिंत गफूरभाऊंची. मी तोंड उघडणार नाही."

"आणि नाही पडला तर?"

"तर भिंत माझी. कायमची."

नानांनी गफूरकडे पाहिलं. गफूर हसला. "मंजूर करून टाका नाना. अक्काने दीड महिन्यात किती खाडे केलेत ते मी पण ऐकून आहे. दिवाळीच्या आत माझी शिडी इथे लागते की नाही बघा."

पोळा झाला आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजदाद सुरू झाली.

लिलाबाईंनी आता काम शिस्तीने मांडलं. दवाखान्यातल्या जुन्या केसपेपरांच्या कोऱ्या पाठी शिवून वही केली. कपडे वाळत घालताना, बसमध्ये, शेकाच्या शेगडीपाशी जे सुचेल ते त्यात टिपायचं. आधारचं बोलणं आता उमगलं होतं. सगळं एकदम सांगायचं नाही. वहीत तीन पाट्या तयार असल्याशिवाय चौथी भिंतीवर चढवायची नाही. एक पाटी बातमीची, एक उपयोगाची, एक गोष्टीची, हा क्रम. गोष्ट मोठी असेल तर तोडायची, तीही अशा जागी की वाचणाऱ्याचा हंडा भरून वाहिला पाहिजे.

दोनला सुटायचं, अडीचला घर, सव्वातीनला भिंत, चारच्या आत पाटी पुरी. ताप आला तरी. सुजाताच्या लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसालाही जावयांना पाटावर बसवून त्या आधी पाटी लिहून आल्या.

गफूर दर पाण्याच्या दिवशी मुद्दाम सायकल त्या बाजूने काढी.

"अक्का, आज खाडा?"

"खाडा तुमच्या नशिबात नाही, गफूरभाऊ."

"माझा डब्यातला रंग सुकतोय हो."

"तारपीन घाला."

दिवाळी गेली. पंचवीस पाट्या झाल्या. गफूर यायचा तो आता सायकलवरून उतरू लागला. मग स्टँड लावून उभा राहू लागला. एक दिवस म्हणाला, "अक्का, पांढऱ्या भिंतीवर खडू नीट दिसत नाही. माझ्या डोळ्यांना त्रास होतो." आणि त्याने भिंतीच्या मधोमध पाच फूट बाय चार फुटांचा काळा चौकोन रंगवून दिला. वर म्हणाला, "तुम्ही हराल तेव्हा त्यावर दोन हात जास्त मारावे लागतील, एवढंच." लिलाबाईंनी त्या काळ्या चौकोनावर पहिलं अक्षर काढलं तेव्हा ते असं उठून दिसलं की त्या स्वतःच दोन पावलं मागे सरून बघत राहिल्या.

जानेवारी सरला. नळावर आता पाणी नको असलेल्या बायकाही येत. ज्यांच्या घरी नळ होता त्या हंडा न घेता येत. हे नानांनी गोदामाच्या दारातून पाहिलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी दवाखान्यात जळगावहून फोन आला. सुजाता, त्यांची एकुलती लेक, तिथल्या मेहरूण भागात राहत होती; जावई पाइपच्या कारखान्यात. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं, पण डॉक्टरांनी एसटीचा प्रवास नको म्हटलं होतं. तारखेला तीन आठवडे अवकाश होता आणि कळा आजच सुरू झाल्या होत्या.

लिलाबाईंनी पदर खोचला. दुसऱ्यांच्या हजारभर लेकी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या, आता आपली! अकराची गाडी धरायची म्हणून त्या घरी धावल्या, पिशवी भरली, आणि उंबऱ्यात थबकल्या. उद्या बुधवार. उद्या पाणी.

"वहीत तीन पाट्या तयार आहेत," त्या आधारला म्हणाल्या. "पण लिहिणार कोण?"

आधारने आपले दोन्ही हात पुढे केले. "माले सही येस. फक्त सही."

"कलाबाईला वाचता येतं, लिहिता येत नाही. बाकीच्या ओळभर लिहितील, पाटीभर नाही. नानांचं अक्षर त्यांना स्वतःला लागत नाही."

"मंग एकच माणूस शे," आधार शांतपणे म्हणाला, "आणि त्यालेच भिंत पाह्यजे."

स्टँडवर जाताना रिक्षा गफूरच्या दुकानासमोर थांबली. गफूर शिडीवर होता. लिलाबाईंनी खालूनच वही उंचावली. "गफूरभाऊ, माझी लेक अडली आहे, जळगावला चालले. उद्याची पाटी यात आहे, खूण घातली आहे. लिहिलीत तर माझी भिंत राहील. नाही लिहिलीत तर तुमची होईल. मी काही म्हणणार नाही." एवढं बोलून वही शिडीच्या पायरीवर ठेवली आणि त्या रिक्षात बसल्या.

पारोळा मागे पडलं, एरंडोल मागे पडलं. लिलाबाईंच्या डोक्यात आळीपाळीने दोनच गोष्टी होत्या : लेक आणि भिंत. मेहरूणला पोचल्यावर मात्र एकच उरली. कळा थांबल्या, पुन्हा आल्या, पुन्हा थांबल्या. बुधवार गेला, गुरुवार गेला. लिलाबाई लेकीची पाठ चोळत होत्या, तिला चालवत होत्या, रागावत होत्या, गोंजारत होत्या. शुक्रवारी पहाटे पाचला नात झाली. केवढी आरोळी ठोकली तिने! तिथल्या नर्सने वजन केलं तेव्हा लिलाबाईंचा हात सवयीने खडू शोधत होता.

शनिवारी सकाळी सुजाता उशीला टेकून बसली, पेज प्यायली आणि म्हणाली, "आई, आज पाणी आहे ना तिकडे?"

"असू दे."

"असू दे काय? सासूबाई आहेत इथे. उद्या ये परत. माझ्या मुलीची बातमी भिंतीवर गेलीच पाहिजे. कलामावशीच्या नातवाची गेली ती!"

लिलाबाई बाराच्या गाडीत बसल्या. तीनला धुळं. रिक्षाने थेट नळ. रांग लागलेली होती, पण कुणाचं लक्ष हंड्याकडे नव्हतं. सगळ्या भिंतीकडे तोंड करून उभ्या. गर्दीतून वाट काढत लिलाबाई पुढे झाल्या.

पाटी होती. पण काय पाटी होती! गफूरने आधी चौकोनावर पांढऱ्या रंगाचं अस्तर दिलं होतं. त्यावर लाल, निळी, पिवळी अक्षरं, प्रत्येक अक्षराला सावली. चहूबाजूंनी वेलबुट्टी. कोपऱ्यात एसटीचं चित्र, खिडकीतून डोकावणारं बाळ. पारोळ्याजवळ गाडीतच जन्मलेल्या पोराची ती गोष्ट होती, मागच्या पाटीवर अर्धी सोडलेली. आणि तळाला, सवयीने, बारीक अक्षरांत : "गफूर पेंटर, धुळे."

गफूर बाजूलाच उभा होता, लग्नाच्या मांडवात वधूपित्याने उभं राहावं तसा. "काय अक्का? पसंत?"

लिलाबाईंनी बोटाने अक्षर घासून पाहिलं. "गफूरभाऊ, हा खडू नाही."

"खडू?" गफूरला जरा अपमान वाटला. "अक्का, मी बावीस वर्षांत खडू धरलेला नाही. हा तैलरंग आहे. ऊन, पाऊस, काही होणार नाही. पाच वर्षांची गॅरंटी."

"आणि आजची पाटी मी कुठे लिहू?"

गफूरने पाटीकडे वळून पाहिलं. पेंटरने काम केलं ते टिकण्यासाठी. ते तीन दिवसांनी पुसायचं असतं हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. रांगेत हशा उसळला. कलाबाई तर हंड्यावरच बसली. "अरे गफूरभाऊ, भिंत राखली तीही अशी, की आता कुणालाच लिहिता येऊ नये!"

गोदामाच्या दारातून नाना आले. त्यांनी घड्याळ पाहिलं. "तीन वाजून पस्तीस. बुधवारची पाटी मी मान्य केली आहे. शब्द लिलाबाईंचे, हात गफूरचा. पण आजची? शब्द म्हणजे शब्द. पाणी जायच्या आत नवी पाटी."

"बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर लिहिते."

"खडू दिसणार नाही," गफूरच म्हणाला. "जाहिरातीच्या आशेने मी मागच्याच आठवड्यात बाजूला चुना मारलाय. थांबा!" तो सायकलकडे धावला. काळ्या रंगाचा डबा, रुंद ब्रश. पाच मिनिटांत त्याने सगळी वेलबुट्टी, एसटी, बाळ, स्वतःचं नाव काळ्या रंगाखाली गाडून टाकलं. हात मारताना एकदाही थांबला नाही. "आता लिहा!"

लिलाबाईंनी खडू टेकवला. खडू रंगात रुतला, ओला झाला, मोडला. दुसराही मोडला. रंग वाळायला रात्र जाणार होती. नळाने हवा सोडली. सूं... पाणी आलं. आज हंड्यांकडे कुणी हललं नाही. पहिली कळशी भरून वाहू लागली.

लिलाबाईंनी मोडका खडू काढायला ओल्या रंगात नख घातलं. नख फिरलं तिथे काळं बाजूला झालं आणि खालच्या अस्तराची पांढरीशुभ्र रेघ उघडी पडली.

त्यांनी ती रेघ पाहिली. गफूरनेही पाहिली. "अक्का!" म्हणत त्याने ब्रश उलटा करून दांडी त्यांच्या हातात दिली.

मग काय! लिलाबाई वॉर्डातल्या फळ्यावर लिहीत तसं लिहीत सुटल्या. दांडी काळ्या रंगातून फिरत होती आणि पांढरी अक्षरं बाहेर येत होती, मध्येच कुठे गफूरच्या जुन्या अक्षराचा लाल तुकडा, कुठे पिवळा :

"मुक्काम मेहरूण, जळगाव. सुजाता. मुलगी. शुक्रवार पहाटे पाच. वजन पावणेतीन किलो. आई बरी. आजी हजर."

शेवटच्या टिंबाला नळ चालूच होता. कलाबाईने मोठ्याने वाचलं, मग रांगेने वाचलं, आणि असा गलका झाला की गोदामातले हमाल बाहेर आले. आधार मागे कधी येऊन उभा राहिला होता कुणाला कळलं नाही. त्याला वाचता येत नव्हतं, पण कलाबाईच्या तोंडून ऐकलं आणि डोळे पुसत म्हणाला, "पावणेतीन किलो! माय वं!"

नानांनी घड्याळ खिशात घातलं. "खाडा नाही," ते म्हणाले.

सगळं निवळल्यावर लिलाबाईंनी गफूरला विचारलं, "बुधवारी तुम्ही नुसतं गप्प बसला असता तर भिंत तुमची होती. का लिहिलंत?"

"गप्पच बसणार होतो," गफूर ब्रश पुसत म्हणाला. "पण आधी वही उघडली. ते पोर गाडीत जन्मलं, पुढे काय झालं ते तीन दिवस डोक्यात घोळत होतं ना! वाचलं, आणि मग वाटलं, मला कळलं आणि या चाळीस बायकांना कळलं नाही, तर माझं पाप. घरी माझी बायको हुस्नबानोसुद्धा विचारत होती."

पाडव्यापर्यंत एकोणसत्तर पाट्या झाल्या, एकही खाडा नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी कंपनीचा माणूस जळगावहून भिंत बघायला आला. पाण्याचाच दिवस होता. गफूरने त्याला सरळ रांगेसमोर उभं केलं. "साहेब, वीसपैकी एकोणीस भिंतींसमोरून लोक निघून जातात. ही एकच भिंत आहे जिच्यासमोर चाळीस माणसं तासभर उभी राहतात. दर तिसऱ्या दिवशी. मधला चौकोन सोडून बाकी भिंत मी रंगवतो. तुमचं मंजन त्यांना बघावंच लागेल." साहेबांनी गर्दी पाहिली, पाटी वाचली, शेवटच्या ओळीला हसले आणि मान डोलावली. नानांना भाडं मिळालं. भिंतीवर दोन्ही बाजूंना पांढऱ्या दातांच्या हसऱ्या बाया आल्या आणि मधोमध काळा चौकोन राहिला. नातीच्या बातमीची ती कोरलेली पाटी गफूरने पुसली नव्हती. तिच्याखाली त्याच वेळी नवा चौकोन काढून दिला होता. कोरलेली अक्षरं वाळून पक्की झाली होती. नात रांगायला लागल्यावर आधार तिला कडेवर घेऊन ती दाखवायला येई.

त्या ऑगस्टला पाऊस चांगला झाला. एका दुपारी गफूर सायकलवरूनच ओरडत आला, "अक्का, खुशखबर! उद्यापासून पाणी दिवसाआड!"

सगळा नळ आनंदला. कलाबाईने शेजारणीच्या पाठीत धपाटा घातला. लिलाबाई मात्र वही उघडून तयार पाट्या मोजायला लागल्या. दोनदा मोजल्या. मग पिशवी उचलून लगबगीने घराकडे निघाल्या.

"लिलाक्का, हंडा राहिला!" कलाबाई मागून ओरडली.

"भरून ठेव गं," लिलाबाई न थांबता म्हणाल्या. "मला परवाचं सुचलंय!"